आवाज काढल्यावर

९ जानेवारी, गुरुवार
उद्या सकाळी ऑपरेशन. स्वरयंत्र पूर्ण काढणार. डॉक्टरांनी आज पुन्हा चित्र काढून दाखवलं. यापुढे श्वास मानेतल्या भोकातून, नाकातोंडाशी संबंध संपला. "काही विचारायचंय?" मी म्हटलं, "मग नाक ठेवायचं कशाला? चष्म्याला?" ते हसले. बायको, मंगल, हसली नाही.

संध्याकाळी लेक, अनु, एचएसआरमधलं तिचं ऑफिस संपवून आली. मोबाइल समोर धरला. "बाबा, काहीतरी बोला ना, रेकॉर्ड करून ठेवते." फॅक्टरीच्या कँटीनमध्ये माझ्या टेबलाला जागा मिळायची नाही, इतका मी बोलणारा. आज काही सुचेना. शेवटी म्हणालो, "मंगल, गॅस बुक करायचा राहिलाय." झालं. पोरीकडे बापाचा आवाज म्हणून हे राहणार.

चाळीस वर्षं सिगारेट. दोष कुणाला देणार.

१३ जानेवारी, सोमवार
लिहिता येतंय. नाकात नळी, तिच्यातून कांजी.

शुद्धीवर आलो तेव्हा मोठ्याने ओरडलो. म्हणजे मला वाटलं ओरडलो. तोंड उघडं, बाहेर काहीच नाही. मं.ने हात धरला.

अनुने पाटी आणलीय. लहान मुलांची, बटण दाबलं की पुसली जाते.

१४ जानेवारी, संक्रांत
हेब्बाळच्या वहिनी डबा घेऊन आल्या. दारातूनच, "तिळगूळ घ्या, गोड गोड बो..." आणि तिथेच थांबल्या. डबा हातात तसाच. मी पाटीवर लिहिलं, "घेता येत नाही, बोलता येत नाही. पुढच्या वर्षी दोन्ही बघू." वाचून वहिनी रडायलाच लागल्या. मग लिहिलं, "गंमत केली." आणखी रडल्या.

लिहून गंमत होत नाही. माणूस वाट बघतो, वाकून वाचतो, मग हसावं की नाही ते ठरवतो. तोवर सगळं थंड.

१७ जानेवारी, शुक्रवार
शेजारच्या कॉटवर गौडा अण्णा. मंड्याकडचे, उसाची शेती. माझ्यासारखंच ऑपरेशन, माझ्याआधी पाच दिवस झालेलं. ते वहीत कानडीत लिहितात. मी बेळगावचा, त्यामुळे अडत नाही.

आज पंख्यावरून भांडण. त्यांना हवा, मला थंडी वाजते. मी लिहिलं, "स्वल्प कमी करा." त्यांनी पानभर मोठ्या अक्षरात लिहिलं, "नाही." मी पाटी त्यांच्या नाकासमोर धरली. ते कॉटच्या दांडीवर वही आपटायला लागले. सिस्टर धावत आली. "गलाटे माडबेडी! इतर पेशंट झोपलेत." दोन मुक्यांना सांगतेय, दंगा करू नका. बोलून गेल्यावर तिच्याही लक्षात आलं. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. हसलो. आमचं हसणं म्हणजे मानेतून फस्स फस्स हवा. माझा कफ उडाला तो थेट सिस्टरच्या एप्रनवर. ती हसत हसतच आधी माझं भोक पुसायला लागली.

अण्णांची बायको दारात उभी होती. पदर तोंडाला. मं.ला म्हणाली, दिवाळीनंतर हे आज पहिल्यांदा हसले.

पंखा दोनवर.

२२ जानेवारी, बुधवार
नळी निघाली. गिळता येतंय. पहिला चहा. सवयीने फुंकर मारायला गेलो. मानेवरचा रुमाल हलला, चहा तसाच. मं.ने कप घेतला, बशीत ओतला, फुंकून दिला. अनु लहान असताना द्यायची तसा. मला हसू आलं नाही.

रिपोर्ट आला. मानेतल्या दोन गाठींत कॅन्सर निघाला. रेडिएशन तीस वेळा.

४ मार्च, मंगळवार
रेडिएशनचा दुसरा आठवडा चालू. तोंडाला चव नाही.

अनुने फोनमध्ये काहीतरी टाकून दिलंय. मी टाइप करायचं, आत एक बाई वाचते. बातम्या देते तशी. "मंगल, मला चहा हवा आहे." मं. स्वयंपाकघरातून, "तिला सांगा, या घरात एक बाई पुरे आहे."

पाच मिनिटं फस्स फस्स चाललं माझं.

मग विचार करत बसलो. ही असं आधीही बोलायची का? आठवेना. हल्ली रेडिएशनच्या रांगेत ती गोष्टी सांगते. शेवट विसरते, परत पहिल्यापासून सुरू करते. आधी मीच मध्ये घुसून शेवट सांगून टाकायचो. लोक हसायचे. तीही हसायची, म्हणून...

२७ मार्च, गुरुवार
गौडा अण्णांच्या बायकोचा मं.ला फोन. अण्णांचा आजार परत आलाय, छातीत. गावी घेऊन गेलेत. पुढे काही करायचं नाही, डॉक्टर म्हणाले.

मं.ने लपवलं नाही, समोर बसून सांगितलं.

दुपारभर पाटी घेऊन बसलो. काय लिहिणार. शेवटी कानडीत लिहिलं, "अण्णा, पंखा तुम्ही म्हणाल तसा. मी हरलो." अनुने फोटो काढून माझ्या फोनवरून पाठवला. संध्याकाळी उत्तर आलं. वहीचं पान, वाकडी अक्षरं, एकच शब्द: "सरी." ठीक आहे, एवढंच.

अनुला दाखवता आलं नाही. पाटी पुसलीही नाही.

५ जून, गुरुवार
गळ्यात झडप बसवून झाली. भोकावर अंगठा दाबायचा आणि बोलायचं. शिकवणारी मुलगी म्हणाली, "आ करा, अंकल." केलं. मोरीतून पाणी जावं तसा आवाज. पण आवाज. पहिला शब्द काय बोलायचा ते ठरवून गेलो होतो, "मंगल". "मगं" असं काहीतरी आलं. मं.ने पदराने डोळे पुसले. मग त्या मुलीला म्हणाली, "नाव बदललं तरी चालेल."

१० जुलै, गुरुवार
आज स्कॅन. रिपोर्ट सोमवारी. मानेच्या डाव्या बाजूला एक काहीतरी लागतंय हाताला. मं.लाही लागलंय, तिचा हात तिथे गेला की थांबतो.

येताना ऑटो सिग्नलला अडकली. मं. एकदम बोलायला लागली. ऑपरेशनच्या दिवशी तुम्हाला आत नेलं, म्हणाली, आणि मला भूक लागली. लाज वाटली. अनुला बाथरूमला जाते सांगून कँटीनमध्ये गेले, मसाला डोसा खाल्ला. चांगला होता. मग अजून एक घेतला. तुम्ही आत फाडलेले आणि मी चटणी मागतेय. कुणाला सांगितलं नाही आजवर.

माझ्याकडे उत्तर तयार होतं. चांगलं होतं. अंगठा मानेकडे नेला. तिने माझा हात धरून खाली आणला, मांडीवर ठेवला, वर आपला ठेवला.

"थांबा. माझं झालं नाही अजून."

जे. पी. नगर आलं, घर आलं. ती बोलतच होती. ऑटोवाल्याने आरशात बघितलं आणि इंजिन बंद केलं.