पाव दाताची माणसं

२ जुलै, सकाळी १०.१०
आजपासून रोजनिशी. कारण : माणसं. चार टेबलांची आमची डेंटल लॅब आणि गेल्या वर्षभरात त्या चार टेबलांवरून अकरा जण सोडून गेले. अकरा! त्यातले काही तर मला नीट ओरडायलाही वेळ न देता.

दंत रुग्णालयाच्या मोठ्या डॉक्टरबाईंचा फोन आला होता. आमचं निम्म्याहून जास्त काम त्यांचं. म्हणाल्या, सारखा तुमच्याकडे नवा हात, सारखा एखादा दात उंच नाहीतर बुटका, आणि पेशंट शंख करतात माझ्या नावाने. आत्ताची चार माणसं ३१ डिसेंबरपर्यंत टिकली तर पुढची तीन वर्षं काम तुम्हाला. एक जरी गेलं तर दुसरी लॅब बघते. मी म्हटलं, मॅडम, माणसं टिकवणं हा तर माझा हातखंडा. त्यांनी मला ते पुन्हा म्हणायला लावलं. लाइन खराब असावी.

३ जुलै
मेहुण्याला फोन केला. तो एका मोठ्या कंपनीत एचआरमध्ये आहे. विचारलं, माणसं टिकवायला काय करतात? म्हणाला, बरा पगार, वेळेवर रजा आणि अधूनमधून चार चांगले शब्द. मी म्हटलं, ते जाऊ दे, काहीतरी व्यावहारिक सांग. त्याने फोन ठेवला. पेशन्स म्हणून नाही. हा काय माणसं सांभाळणार!

५ जुलै, दुपार
सापडलं!! जेवण अर्धं टाकून लिहितोय.

माणूस सोडून का जातो? कारण त्याला काम येतं. आपण शिकवायचं आणि याने शिकून दुसऱ्याच्या दारात उभं राहायचं. पण ज्याला पूर्ण काम येतच नाही तो जाईल कुठे?

दात करायला चार कामं. डॉक्टरांकडून आलेल्या मापात प्लास्टर ओतून जबड्याचा साचा करायचा. त्यावर मेणाचा दात घडवायचा. मग भट्टीत त्या मेणाच्या जागी पक्का दात भाजून काढायचा. शेवटी पॉलिश. मेणवाल्या बाई नऊ वर्षं आहेत. त्यांना मेणाशिवाय काही येत नाही, आणि नेमक्या त्याच टिकल्या. याहून मोठा पुरावा कुठला? बाकीचे तिघे फेब्रुवारीतले. मालक शिकवतील म्हणून आशेने बसलेत. शिकवणं बंद. ज्याने त्याने एकच काम करायचं, दुसरं बघायचंसुद्धा नाही. पाव दात येणाऱ्याला जगात कोण उभं करणार?

(मला स्वतःला दात करता येत नाही. ते मालकाचं काम नव्हे.)

बायकोला सांगितलं. लॅबचा फोन, दात पाठवायच्या डब्या, त्यांवरच्या चिठ्ठ्या ती बघते, सोळा वर्षं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, तुम्हाला हे खरंच टिकवणं वाटतं? बाईचा स्वभावच नकारात्मक.

९ जुलै
नवी पद्धत जाहीर. भट्टीवाला म्हणाला, सर, घेताना तुम्ही सगळं शिकवीन म्हणाला होतात. मी म्हटलं, आयुष्य पडलंय. त्याने माझ्याकडे शर्टावरच्या डागाकडे बघावं तसं बघितलं. पगार घेताना बरा खाली बघतो.

चारही टेबलांच्या मधे पडदे लावले. आमच्या हॉलचेच काढून आणले. घरी बायको एक शब्द बोलली नाही. पसंत पडलं असणार.

१९ जुलै
प्लास्टरवाला तापाने आडवा. चौदा मापं आलेली, ती सुकली की वाकडी होतात. बाकीच्या तिघांना म्हटलं, कुणीतरी ओता. तिन्ही पडद्यांआडून एकच उत्तर : आम्हाला येत नाही, सर. शेवटी मीच ओतलं. त्यात काय आहे? पाणी आणि पावडर.

२० जुलै
चौदाच्या चौदा साच्यांत बुडबुडे. डॉक्टरबाईंचा फोन. प्लास्टरवाल्याला घरी फोन करून चांगला फैलावर घेतला. आजारी पडायची ही वेळ? त्याच्या आईने फोन घेतला आणि मला बरंच काही ऐकवलं. वयाचा मान राखून गप्प बसलो. शिवाय ती मधे बोलूच देत नव्हती.

२ ऑगस्ट
पडद्यांआडून हसतात. मी गेलो की गप्प. नियम क्र. ७ : जेवणाची सुट्टी चौघांना चार वेगळ्या वेळी. मेणवाल्या बाई म्हणाल्या, सर, नऊ वर्षांत मी एकटी जेवले नाही. मी म्हटलं, आता सवय होईल. त्या दिवशी त्या जेवल्याच नाहीत. डाएट असेल.

१४ ऑगस्ट
पॉलिशवाला कामाला तेज, पण कानावर ते भलेमोठे हेडफोन. मशिनच्या आवाजासाठी म्हणे. मी ओरडलेलं त्याला ऐकू येत नाही. काढायला लावले. आता मी ओरडलो की तो मशिन सुरू करतो.

२३ ऑगस्ट
आजचा डाव जबरदस्त. चौघांची अनुभवपत्रं आत्ताच टाइप करून भिंतीवर चिकटवली. ‘यांना प्लास्टर ओतता येते. अन्य काही येत नाही.’ ‘यांना पॉलिश करता येते. अन्य काही येत नाही.’ खाली सही, शिक्का. सोडून जाऊन हे घेऊन दारोदार फिरा म्हणावं! चौघेही बराच वेळ वाचत उभे होते. भट्टीवाल्याने फोटोसुद्धा काढला. वर्मी लागलं.

जाता जाता बायकोने विचारलं, माझं कुठे आहे? मी म्हटलं, तुला कशाला? तू कुठे जाणार आहेस?

११ सप्टेंबर
दोन महिने. एकही गेलेला नाही! मेहुण्याला मेसेज केला. उत्तर नाही. जळतो.

वातावरणही निवळलंय. उलट उत्तरं बंद. नियम क्र. ७ असूनही संध्याकाळी चौघे बसस्टॉपवर एकत्र दिसतात, मेणवाल्या बाई वहीत काहीतरी काढून दाखवतात, बाकीचे माना डोलावतात. आठ नंबरची बस आली, गेली, एकही चढला नाही. मी गाडीची काच खाली केली तशी वही पिशवीत गेली. काय शिजतंय?

२७ सप्टेंबर
भट्टीवाल्याने चक्क नम्रपणे विचारलं, सर, आपली भट्टी कुठून घेतली, दुरुस्तीला कोण येतं, वीज किती खाते? मी सगळं सविस्तर सांगितलं, नंबरही दिला. कामाची गोडी लागली म्हणायची. लोक म्हणतात मी माणसं तोडतो!

१० ऑक्टोबर
उलगडलं. मी पण किती ठोकळा!

१२ नोव्हेंबरला लॅबला पंचवीस वर्षं होतात. हे माझा सत्कार करताहेत! पुरावे : (१) वही. (२) पॉलिशवाला काल फोनवर हळू आवाजात सांगत होता की हॉल मोठा आहे, उजेड भरपूर, चार टेबलं आरामात बसतील. (३) प्लास्टरवाल्याने १२ तारखेला सर नक्की असतात ना, असं बायकोला विचारलं. बायकोला छेडलं तर म्हणाली, मला काही विचारू नका. म्हणजे तीही सामील.

खरं सांगायचं तर डोळे भरून आले. जाम राग होता मला यांचा. अजूनही आहे. पण माणूस माझ्यासाठी काही करतो म्हटल्यावर गहिवरतोच मी.

५ नोव्हेंबर
भाषण तयार, नऊ पानं. विषय : ‘निष्ठा’. आरशासमोर तीनदा म्हटलं. बायको दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, एवढं लांब नका करू. मी म्हटलं, ते थांबतील. नवीन कोट शिवायला टाकलाय.

१२ नोव्हेंबर, सकाळी ११.४०
लिहिताना पेनाचं टोक मोडलं. रागाने.

बरोबर दहा वाजता चौघे केबिनमध्ये रांगेत उभे. मी कोटाची बटणं लावून उठलो. मेणवाल्या बाईंनी पाकीट पुढे केलं. मी म्हटलं, अहो, याची काय गरज होती! आणि भाषणाची पहिली दीड पानं म्हणून टाकली. मग पाकीट उघडलं.

राजीनामा. चौघांचा मिळून एक. तारीख प्लास्टरवाल्याच्या अक्षरात, विषय मेणवाल्या बाईंच्या, मजकूर भट्टीवाल्याच्या, ‘आपले विश्वासू’ पॉलिशवाल्याच्या. हे काय पोरखेळ म्हणून ओरडलो. भट्टीवाला शांतपणे म्हणाला, सर, आम्हाला पावच येतं.

दोन चौक पलीकडे स्वतःची लॅब काढताहेत! मेणवाल्या बाई म्हणाल्या, एकट्यादुकट्याला कुठे जाताच येत नव्हतं, सर, तुम्ही म्हणाला होतात ते खरंच होतं. म्हणून चौघं मिळून निघालो. आवाज चढवला नाही बाईंनी. चढवला असता तर बरं झालं असतं.

जाताना भिंतीवरची अनुभवपत्रं सोडवून घेऊन गेले. दर्शनी भिंतीवर फ्रेम करून लावणार आहेत म्हणे. कृतघ्न! चौघेही! नऊ वर्षं पोसलं!! (तिघांना नऊ महिने.)

१३ नोव्हेंबर
बरं झालं गेले. आता नव्या दमाची माणसं घेऊ. जाहिरात टाकली. ३१ डिसेंबरला अजून दीड महिना आहे. डॉक्टरबाई काय चेहरे बघायला येणार आहेत?

१६ नोव्हेंबर
डॉक्टरबाईंना सगळं कळलंय. काम बंद. सांगितलं, माणसं तीच हवी होती मला, ती जिथे आहेत तिथे काम जाईल. मी बोलायला तोंड उघडलं तोवर फोन बंद. उद्धटपणाची साथच आलीय.

२० नोव्हेंबर
मुलाखतीला पाच जण. पहिल्याने विचारलं, आधीचे का गेले? हाकलला. दुसऱ्यानेही तेच. तिसरी बाई पडदे बघून दारातूनच परतली. चौथा उद्यापासून येतो म्हणाला, नक्की येईल असं वाटतं. पाचवा पत्ता चुकून आला होता.

२१ नोव्हेंबर
चौथा आला नाही.

संध्याकाळी बायकोने टेबलावर कागद ठेवला. तिचा राजीनामा! तिकडे फोन आणि डब्या सांभाळायला बाई हवी आहे, त्यांनी बोलावलंय, सोमवारपासून जाते म्हणाली. मी म्हटलं, म्हणजे तू मला सोडून चाललीस? ती म्हणाली, घर नाही सोडत, टेबल सोडते. मी विचारलं, असं काय कमी केलं मी तुला? तर म्हणाली, सोळा वर्षांत एकदा तरी, आज दमलीस का, असं विचारायचं होतंत.

मी ताबडतोब विचारलं, दमलीस का? ती म्हणाली, हो. आणि दिवा बंद करून गेली.

पडदे परत घरी लावायची तयारी दाखवली. म्हणाली, ठेवा. नवे घेतले.

२८ नोव्हेंबर, दुपार
एकट्याने करायचं ठरवलंय. एका छोट्या दवाखान्याचे दोन दात आहेत. त्यात काय आहे? प्लास्टरच्या नव्या पोत्याची सुतळी सुटेना. कात्री कुठे असते ते बायकोला ठाऊक, तिला फोन करणार नाही म्हणजे नाही. दाताने सुतळी ओढली.

खालची उजवी दाढ अर्धी तुटली.

२९ नोव्हेंबर
दोन आठवड्यांपूर्वी ज्यांनी फोन आपटला त्याच डॉक्टरबाईंकडे जावं लागलं. दुसऱ्या कुणाची वेळ मिळेना. तोंडात कापूस, त्यामुळे माझी बाजू मांडता आली नाही. दाढ घासून वर टोपी बसवायची म्हणाल्या, माप घेतलं. कापूस काढल्या काढल्या म्हटलं, टोपी माझ्याच लॅबमध्ये करून आणतो. त्यांनी विचारलं, कोण करणार? मी म्हटलं, बघतो. त्यांनी माप दोन चौक पलीकडे पाठवायला ठेवलं. हसल्या नाहीत, हे मला जास्त लागलं.

८ डिसेंबर, रात्रीच्या जेवणानंतर
टोपी बसली. डबी डॉक्टरबाईंच्या ट्रेमध्ये उघडी होती, चिठ्ठीसकट. चिठ्ठीवरचं अक्षर सोळा वर्षं बघतोय. पेशंट म्हणून माझं नाव, रंगाचा नंबर, आणि खाली सूचना : ‘पेशंट झोपेत दात खातो. उंची किंचित कमी ठेवावी.’ शेजारी चार सह्या, काम झाल्याच्या.

मी झोपेत दात खातो हे मला ठाऊक नव्हतं.

एक तरी चूक काढून डबी परत पाठवायचीच असं ठरवून खुर्चीत बसलो होतो. दहा वेळा चावून बघितलं. दिवसभर जीभ फिरवली. कडेला खरखर नाही, उंच नाही, बुटका नाही. रंग शेजारच्या दाढेसारखाच मळकट.

जेवताना बायकोने विचारलं, टोचतो का? मी म्हटलं, टोचतो. ती म्हणाली, उद्या तिकडे या, मेणवाल्या बाई बघतील. मी म्हटलं, बघू.

टोचत नाही.