उत्तरेच्या भिंतीतली निळी टाइल

३ फेब्रु., मंगळ.
सकाळी ई-मेल. टाइल्सच्या वास्तूंना देतात तो परदेशी पुरस्कार, आणि शेवटच्या यादीत माझी पेडगावची अभ्यासिका! तीनदा वाचला. आजवर परभणीत लोकांच्या न्हाणीघरांचे नकाशे काढून देण्यात हयात गेली. अभ्यासिकेच्या भिंतींसाठी पेडगावात घरोघर उरल्यासुरल्या टाइल्स मागत फिरले, तेव्हा गावातले लोक म्हणाले होते, बाईला भिकेचे डोहाळे लागलेत.
परीक्षक २० तारखेला बघायला येणार. रहीमभाई मिस्त्रींना फोन केला. "मॅडम, एक डाव सगळ्या भिंती वाजवून घेतो."

५ फेब्रु.
र.भाई नाण्यानं एकेक टाइल वाजवत गेले. खाली सिमेंटचा माल भरलेला असला की आवाज भरीव, नसला की पोकळ. उत्तरेच्या भिंतीत एकच पोकळ निघाली. निळी, कोपरा उडालेला, मधे तपकिरी डाग. काढली. खाली सिमेंट गच्च. मग पोकळ वाजली कशी? पुन्हा बसवली.

७ फेब्रु., शनि.
परत पोकळ. भर दुपार, मुलं जेवायला गेलेली. र.भाईंनी तीनदा वाजवली आणि थांबले. आतून तीनदा वाजलं.
पलीकडे जाऊन पाहिलं. ज्वारीचं रान, माणूस नाही. र.भाईंनी नाणं खिशात टाकलं. "मॅडम, आपन चहा घेऊ." मी मॅडम ना, बॅगेचा पट्टा घट्ट धरून उभी.
उन्हानं टाइल तापते, फुगते, आवाज करते, हे कॉलेजात शिकलेय. उत्तरेच्या भिंतीला या दिवसांत ऊन लागत नाही, हेही तिथंच शिकलेय.

१० फेब्रु.
आज गेले तर गावातल्या गयाकाकू भिंतीपाशी बसलेल्या. निळ्या टाइलला हळदकुंकू. काकू, हे काय?
"आमचे मालक हायत ते."
मग हळूहळू कळलं. रस्ता रुंद झाला, त्यात शेताची कड गेली. तिथं काकूंच्या नवऱ्याची समाधी होती. मुलानं, उद्धवनं, समाधीचा टाइल लावलेला ओटा फोडला. एकच टाइल धड निघाली. मी गावात मागत आले तेव्हा त्यानं ती माझ्या टोपल्यात टाकली, आईला न विचारता. डाग अगरबत्तीचा. काकू रोज तिथं लावायच्या.
"लय दिस शोधायले. हितं सापडले."
किती शांतपणे म्हणाल्या. माझ्या अंगावर काटा. आणि लाज वाटली, फार लाज. टोपल्यात पडली तेव्हाच मी डाग पाहिला होता. कसला ते विचारलं नाही, कारण तो निळा रंग मला हवा होता. अर्जात मात्र ठोकून दिलंय की ज्याच्या त्यानं राजीखुशीनं दिल्या.

१२ फेब्रु.
टाइल काढून फडक्यात बांधून काकूंना दिली. उद्धव तापला. "मेलेल्या मानसाची फरशी घरात कशाला? तुमचं बक्षीस जाईल की मॅडम!" माझ्या बक्षिसाची काळजी याला.
भिंतीत वीतभर खड्डा. नजर पहिली तिथंच जाते. गेला पुरस्कार तर गेला. (लिहायला सोपं आहे. जाऊ नये असं फार वाटतंय.)

१५ फेब्रु.
काकू टाइल घेऊन परत हजर. भर उन्हात, चालत.
"शेतात ठिवली, बोलनात. देवापाशी ठिवली, तितंबी गप. हितंच बोलतेत. लावा परत."
र.भाई माल कालवायला तयार होईनात. म्हणाले, घरी लेकरंबाळं हायत. मग थापी मीच घेतली. बसवून झाल्यावर काकूंनी बोटानं एकदा वाजवलं आणि कान लावला. माहेरचं कुणी दारात आल्यासारखा चेहरा झाला त्यांचा. मी मागं सरकले. मलाही ऐकू आलं. काकूंनी एकदाच वाजवलं होतं. आतलं वाजणं थांबेचना, मी गाडीत बसेपर्यंत...

१९ फेब्रु.
उद्या परीक्षक. काल ई-मेल आला: टाइल्स ज्यांच्या होत्या त्यांची लेखी संमती तयार ठेवा. आज दिवसभर घरोघर सह्या. उद्धव पेन घेऊन पुढं. म्हटलं, तुझी नको.
काकूंकडे शेवटी गेले, मुद्दाम. वाटेत ठरवलं होतं, त्या नाही म्हणाल्या तर अर्ज मागे घ्यायचा. खरंच घेतला असता. काकू तूर पाखडत होत्या. कागद वाचून दाखवला. सूप खाली ठेवलं.
"अंगठा देते की. पन फरशी माजी हाय का? त्यांची हाय. आधी त्यांना इचारा. ते हू म्हनले की माजा अंगठा घ्या."
मी हसले. काकू हसल्या नाहीत, सूप उचललं.
र.भाईंना फोन केला. सगळं सांगितलं. मग म्हणाले, येतो सकाळी, परीक्षकांच्या आधी. वाजवायचं त्यांनी, विचारायचं मी. आतून वाजलं तर होकार धरायचा की नकार, हे काकूंना विचारायचं राहिलं.