क्युरासाओवर लावलेली पैज

१४ नोव्हेंबर २०२५
फुटबॉलमध्ये क्युरासाओने बर्म्युडाला सात गोल मारले. सात! आमची लेक उर्वी सकाळपासून घरभर नाचतेय. कॅरिबियनमधलं बेट, माणसं आमच्या दापोली तालुक्यापेक्षा कमी. आता जमैकाशी नुसती बरोबरी केली तरी वर्ल्ड कपला जातील म्हणे.

मी काय बोलून बसलो! पुण्याच्या अकादमीने उर्वीला गोलकीपर म्हणून घेतलंय, राहायची सोय मात्र आपली आपण. महिनाभर मागे लागली होती. म्हटलं, तुझा तो क्युरासाओ वर्ल्ड कपला गेला तर तूही जा. गेल्या महिन्यात आम्ही राहतो ते ओमानसुद्धा पात्रता फेरीत हरलं, तिथे हे एवढंसं बेट काय दिवे लावणार? सरळ नाही म्हणायची हिंमत नव्हती, खरं कारण ते.

१६ नोव्हेंबर
वर्कशॉपमध्ये लक्ष नाही. एकाच एसीचा गॅस दोनदा तपासला. कौशिक म्हणाला, "फोरमनसाहेब, आज तुमचं यल्ला-यल्ला, चला-चला ऐकू नाही आलं."

दुपारी त्याच्या बॅचलर रूमवर जेवलो. पाच खाटा, एक कुकर, दोरीवर बनियनं. लग्नानंतरही पाच वर्षं मी अशीच काढली. मग फॅमिली व्हिसा मिळाला, शीला आणि चार वर्षांची उर्वी इथे निझव्याला आल्या, तेव्हा सुटलो. जेवण गेलं नाही.

संध्याकाळी उर्वी म्हणाली, "बाबा, त्यांचे मोस्टली प्लेअर्स हॉलंडला बॉर्न झाले. तरी आजोबांच्या बेटासाठी खेळतात. मला पण... आपल्याकडे खेळायचंय."

१८ नोव्हेंबर
मॅच उद्या पहाटे पाचला. जमैका घरच्या मैदानावर आहे. जिंकणारच.

१९ नोव्हेंबर
शून्य-शून्य. अगदी शेवटी रेफरीने जमैकाला पेनल्टी दिली. उर्वीने उशीत तोंड खुपसलं. मला हायसं वाटायला हवं होतं. मग रेफरीने पडद्यावर पुन्हा पाहिलं, पेनल्टी रद्द केली — आणि ओरडलो मीच!

"बाबा, तू पण आमच्या साइडने?" म्हणत उर्वी गळ्यात पडली. क्युरासाओ वर्ल्ड कपला. मला खरंच आनंद झाला. मग पैज आठवली. शीला चहाचे कप घेऊन दारात उभी होती. ती हसली नाही.

२० नोव्हेंबर
शीला म्हणाली, "अहो, सतरा वर्षांची पोर परक्या गावात एकटी कशी राहील? मी जाते तिच्याबरोबर." हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

दोन घरांची भाडी झेपणार नाहीत. कौशिकला फोन केला. त्याच्या रूमवर एक खाट रिकामी आहे.