येसेनियाची प्लेट

२१ जानेवारी

केलं! करायला नको होतं. वेल्डिंगच्या परीक्षेत येसेनियाने जोडलेल्या प्लेटवरचं नाव पुसलं नि फिदेन्सियोचं लिहिलं. त्याच्या प्लेटवर तिचं. खडूचंच तर नाव, शिक्का उद्या सकाळी बसतो.

दुपारी सगळी गोदी जेवून पेंगत होती. नदीसुद्धा. मी तिच्या वेल्डिंगवर जेल फासलं, तपासणीचं ध्वनिलहरींचं यंत्र फिरवलं. आत लाटा जातात, परत येतात. पोलाद आतून समुद्रच! बघत बसलं की आपणही बुडतो. तेवढ्यात पडद्यावर एक उंच लाट उभी. जोडाच्या तळाशी. चीर!

परीक्षेत नापास झाली तर ती मोंतेरेला मावशीकडे जाणार. खेकडा फोडता फोडता म्हणाली, "इथं नुसता गंज घासायला नाही जन्मले मी, चेलो." मग मी काय करायचं?

फिदेन्सियोही परीक्षेला, पण त्याचं काय, नुसतं तोंड मोठं. तीन राजांच्या सणाला माझ्या केकात बाहुला निघाला, तोही मी त्याच्याच तुकड्यात खुपसला. ज्याला बाहुला, त्याने दोन फेब्रुवारीला सगळ्यांना मक्याच्या पिठाचे वाफवलेले तामाले चारायचे!

२२ जानेवारी

शिक्के बसले.

२३ जानेवारी

उस्ताद एल्पिदियो, आमच्या तपासणीचे मुख्य. प्लेटींच्या पट्ट्या कापून प्रेसमध्ये वाकवत होते. फिदेन्सियोच्या नावाची वाकली — घोड्याचा नाल! गुळगुळीत, मेणासारखी. येसेनियाच्या नावाची... कट्! आत काळा मळ.

येसेनिया वेल्डिंगचा मुखवटा खाली ओढून उभी राहिली. आगच नव्हती कुठे.

फिदेन्सियो खिदळला, "मासे तळ पोरी, ते जमेल!"

पण लाट तर तिच्या प्लेटीत होती ना?

२४ जानेवारी

उस्तादांना आडून आडून विचारलं, तळाशी उंच लाट म्हणजे चीरच ना?

"गाढवा! जोडाच्या मागे आधाराची पट्टी असते, तिच्यावर आपटून येते ती. चांगल्या जोडातही येते. शेजारची प्लेट बघितलीस?"

नव्हती बघितली. म्हणजे तिचा जोड चांगलाच होता, मळ फिदेन्सियोच्यात!

२५ जानेवारी

स्वप्न. येसेनिया नदीवरून चालत निघालीय, काखेत प्लेट. पाणी वाकतं, तुटत नाही. मी हाक मारतो, ती हाक पट्टीवर आपटून माझ्याकडेच परत येते.

२६ जानेवारी

फिदेन्सियोला गॅसच्या टाकीच्या जोडकामावर घेणार! तो काळा मळ गॅसच्या टाकीत! येसेनियाने बॅग भरली.

उस्तादांना सगळं सांगितलं.  त्यांनी टेबलावरचा शिक्का हातात घेतला.

"शिक्का त्याच संध्याकाळी मारायचा असतो. मी आळस केला. तू तोंड उघडलंस तर नदीत बुडवीन. दोघांची परीक्षा परत."

३० जानेवारी

येसेनियाची — नाल! फिदेन्सियोची — कट्!

२ फेब्रुवारी

तामाले मीच आणले. फिदेन्सियो संशयाने बघत होता, पण चार खाल्ले.

आणि उस्तादांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "प्लेटींवरच्या नावांची चुकून झालेली अदलाबदल या चेलोने पकडली!" येसेनियाने माझा तेलकट हात धरला. सोडलाच नाही. "तू नसतास तर गेलेच होते रे. आता नाही जात."

कागदा, हात जोडतो, पाया पडतो... कुणाला सांगू नकोस!