मागच्या दाराची वहिवाट

मी, संयोगिता केरबा इंगवले, वय वर्षे शहात्तर, अविवाहित, पालिकेच्या प्राथमिक शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका, राहणार तांबट माळ, कोल्हापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. कोणी सांगितलं म्हणून नाही, कोणाच्या धाकाने तर नाहीच. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉ. अतुल चौगुले यांनी दिला आहे, तो सोबत जोडला आहे. गुडघ्यांबद्दल दाखला मागितलेला नाही. यापूर्वी केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं. का रद्द केलं, ते कलम पाचमध्ये येईल.

१. माझा जन्म गारगोटीचा. वडिलांनी मला शिकायला कोल्हापुरात ठेवलं तेव्हा भावकीने त्यांना विचारलं होतं, "केरबा, पोरीला कलेक्टर करतोयस काय?" कलेक्टर झाले नाही. बी.ए. झाले, शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं आणि पालिकेच्या शाळेत लागले. याच गल्लीतल्या शाळेतून निवृत्त झाले. राहतं घर माझ्या पगारातून आणि कर्जातून बांधलेलं आहे. त्यात वडिलोपार्जित काही नाही. भावाकडच्यांचा त्यावर हक्क नाही. वकिलांनी हे वाक्य दोनदा लिहायला सांगितलं, म्हणून पुन्हा लिहिते: हक्क नाही.

२. घराचं वर्णन. घराचं तोंड गल्लीत. गल्लीपलीकडे शाळा. घरामागे परडं, परड्याच्या शेवटी दगडी भिंत, आणि भिंतीत सागवानी दार. दारापलीकडे ओढ्याकाठची वस्ती. वस्तीतून शाळेला यायचं तर सरकारी रस्ता हमरस्त्याने मोठा वळसा घालून येतो, आणि हंगामात त्या हमरस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या एकामागे एक जातात. घर बांधलं त्या वर्षी वस्तीतली मुलं माझ्या भिंतीवरून उड्या मारून शाळेत यायची. मी रागावले, दप्तरं जप्त केली. मुलं थांबली नाहीत. मग भिंत फोडून दार बसवलं. तेव्हापासून शाळेच्या वेळात ते दार उघडं असतं. मुलं परड्यातून, न्हाणीघराशेजारच्या बोळातून गल्लीत येतात आणि शाळेत जातात. येताजाता पेरू कच्चे असतानाच तोडतात. त्याबद्दलची माझी तक्रार मी या लेखाने कायमची मागे घेत आहे.

३. निवृत्त झाल्यावर ही वाट रीतसर बक्षीसपत्राने सार्वजनिक करून द्यावी, म्हणून मी एका कार्यालयात गेले. कोणत्या, ते लिहीत नाही. तिथली माणसं बदलली, खुर्च्या त्याच आहेत. अनेक खेपांनंतर उत्तर आलं की, सदर ठिकाणी वाट असल्याचे आराखड्यात दिसून येत नाही, सबब स्वीकारता येत नाही. मी म्हटलं, "रोज मुलं चालतात तिथून." टेबलामागचे गृहस्थ म्हणाले, "चालत असतील, बाई. पण कागदावर वाट न्हाई." विषय संपला.

या वर्षी शाळेचा पट कमी आहे, म्हणून ती पलीकडच्या मोठ्या शाळेत विलीन करायचा प्रस्ताव आला. नियम असा की दुसरी शाळा मुलांच्या घरापासून एक किलोमीटरच्या आत असली पाहिजे. त्यासाठी नेमलेल्या समितीचा एक तरुण अधिकारी पाहणीला आला. अदबशीर मुलगा. त्याने मोबाइलवर नकाशा दाखवला. वस्तीपासून दुसऱ्या शाळेपर्यंत एक निळी रेघ होती, आणि अंतर नियमात बसत होतं.

मी चष्मा लावून पाहिलं. म्हटलं, "ही रेघ माझ्या न्हाणीघराशेजारून जाते."

"हो मॅडम. वापरातली वाट धरायची, असं आहे."

"ही वाट अस्तित्वात नाही असं तुमच्याकडूनच लेखी आलंय."

"ते खातं वेगळं, मॅडम," तो म्हणाला, आणि चहा घेऊन गेला.

म्हणजे मी मुलांसाठी ठेवलेल्या दारावरून मोजून त्यांची शाळा बंद होणार. माझं दार लागलं तर वळसा धरावा लागेल, अंतर नियमाबाहेर जाईल आणि विलीनीकरण अडेल. सुनावणी पुढच्या महिन्यात आहे.

४. यावर मला सल्ला देणारे दोघे निघाले, आणि दोघांचा सल्ला एकच होता.

पहिला माझा भाचा उदयसिंह, माझा मयत भाऊ बाळासो याचा मुलगा. तो इंग्रजी माध्यमाची शाळा चालवतो. तिच्या पिवळ्या गाड्या आमच्या गल्लीत सकाळी हॉर्न वाजवतात. त्याला माझं परडं त्या गाड्या लावायला हवं आहे. हे तो लपवत नाही, एवढा गुण त्याच्यात आहे. तो म्हणाला, "आत्ती, दार लावा की. तुमची शाळा वाचंल, आनि माझ्या गाड्यान्ला जागा पन ऱ्हाईल. दोघांचं बी भलं."

मी विचारलं, "माझ्या शाळेचा पट कोणी खाल्ला, उदय?"

"मी न्हाय खाल्ला. लोकान्ला इंग्रजी पायजे. मी दुकान काढलं, गिऱ्हाईक आधीच उभं हुतं." मग म्हणाला, "तुमच्या शाळेत पंखा हाय, पन वीज न्हाय. दोष माझा हाय व्हय?"

नाही. तो दोष त्याचा नाही. शाळेत मोठा स्मार्ट फळा बसवला तेव्हा बिल थकल्यामुळे वीज तोडलेली होती. उद्घाटनाच्या दिवशी माझ्या घरातून गल्लीवरून वायर टाकून तो फळा चालू केला. पाहुण्यांनी सर्वांचे आभार मानले आणि वायर संध्याकाळी मी परत गुंडाळून आणली. त्याआधी एकदा पालकांनी वर्गणी काढून शाळा रंगवली, छप्पर दुरुस्त केलं. पुढच्या वर्षी त्या कामाची तरतूद निघून गेली, कारण काम लोकसहभागातून झालेलं होतं. पट नाही म्हणून निधी नाही आणि निधी नाही म्हणून पट नाही, ही चर्चा मी एवढ्या सभांत ऐकली आहे की वक्त्याचं पुढचं वाक्य मला पाठ असतं.

म्हणून स्पष्ट लिहिते. माझ्या ठेवीतला एकही पैसा शाळेचं छप्पर, फळा, वीज किंवा रंग यांवर खर्च करू नये. ते काम सरकारचं आहे, आणि आपण केलं की सरकार ते विसरतं. ठेवीचं व्याज परड्यातल्या वाटेची फरशी, दिवा आणि झाडलोट यांसाठी वापरावं. उरेल ते तिथेच राहू द्यावं.

५. दुसरी सल्ला देणारी क्रांती मधाळे. ती माझी विद्यार्थिनी, याच वस्तीतून याच दाराने आलेली, आणि आज त्याच शाळेत शिक्षिका आहे. लग्नानंतर कोडोलीला असते, रोज एसटीने येते. माझ्या आधीच्या मृत्युपत्रात हे घर तिला होतं, पण अट होती: तिने स्वतःचा मुलगा आदर्श याला आपल्या शाळेत घालावं. तो आहे उदयसिंहच्या शाळेत. पगार इथला आणि पोरगं तिथं, हे मला पटत नव्हतं. अट मी तिला तोंडावर वाचून दाखवली.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाई, तुमच्या वेळी प्रत्येक वर्गाला एक शिक्षक होता. मी चार इयत्ता एका खोलीत घेते. पहिलीला मुळाक्षरं देऊन चौथीकडे वळते, तोवर मतदारयाद्यांचं बोलावणं येतं. मी माझ्या मुलाला मीच नसलेल्या वर्गात बसवू?"

"बाकीची मुलं बसतात ना?"

"बसतात. त्यांच्या आयांना पर्याय नाही. मला आहे, त्याची रोज लाज वाटते. पण लाज वाटते म्हणून त्याला इथं आणणार नाही."

तिला मी कधी उलट बोलताना ऐकलं नव्हतं. सकाळी जुनं मृत्युपत्र काढून ती अट पुन्हा वाचली. मूल हे घराच्या बदल्यात मागायची वस्तू नाही. सबब ती अट आणि ते मृत्युपत्र रद्द.

तिचाही सल्ला दार लावायचाच होता. "सहा महिने, बाई. सुनावणी होऊन निकाल लागेपर्यंत. शाळा एकदा गेली की परत येत नाही." स्वतःची बदली होईल या भीतीने ती हे म्हणाली नाही. मी तिला ओळखते.

६. दारापलीकडचं मत विचारायला मी स्वतः गेले. यल्लव्वा ही शाळेत खिचडी शिजवते. तिची मुलगी तिसरीत आहे. तिच्या खोलीला दार नाही, पत्रा टेकवलेला असतो. मी सगळं समजावून सांगितलं: दार लावलं तर शाळा वाचेल, उघडं ठेवलं तर जाईल.

ती म्हणाली, "आमच्या घराला दार न्हाय, आनि तुम्ही आमाला दाराचं इचारताय व्हय, बाई?"

हसली. मी हसले नाही. मग म्हणाली, "शाळा ऱ्हाईल, पन पोरगी कुठनं जाईल? ट्रालीच्या खालनं? तुम्ही दार लावलासा तर ती घरातच बसंल. मग शाळा कुनाची वाचली?"

खात्याला, भाच्याला आणि शिक्षिकेला मिळून जे सुचलं नाही, ते तिने विचारलं असं मी म्हणणार नाही. हे आम्हा सर्वांना माहीत होतं. आपापल्या कारणासाठी आम्ही ते बाजूला ठेवलं होतं.

७. तेव्हा व्यवस्था अशी.

राहतं घर, परड्यासह, क्रांती मधाळे हिला, बिनशर्त. तिची रोजची एसटी वाचेल. आदर्शला कुठे घालायचं ते तिने ठरवावं. परड्यातली वाट मात्र तिची नाही. मागच्या भिंतीतल्या चौकटीपासून बोळातून गल्लीपर्यंत वस्तीतल्या मुलांना जाण्यायेण्याचा कायमचा वहिवाटीचा हक्क राहील. घर पुढे कोणाच्याही नावे झालं तरी हा हक्क घराबरोबर जाईल.

सुनावणीत शाळा वाचावी म्हणून मी जाईन, बोलेन. उठता आलं तर उभी राहून बोलेन. पण दार लावल्याचं खोटं सांगणार नाही आणि खरोखर लावणारही नाही. शाळा गेलीच, तरीही वाट उघडी ठेवावी. मुलं मग त्या लांबच्या शाळेला जातील आणि त्यांना याच वाटेने जावं लागेल.

माझी शिवणाची मशीन आणि प्रेशर कुकर गल्लीतल्या धोंडुबाईला, त्या दोन्ही वस्तू तशाही तिच्याचकडे असतात. पुस्तकांचं कपाट शाळेला, शाळा असेल तर. नसेल तर क्रांतीच्या घरी, म्हणजे इथेच. तेरावा घालू नये. सत्काराच्या शाली ट्रंकेत आहेत, थंडीत वस्तीत वाटाव्यात. आभारपत्रं बंबात घालावीत.

उदयसिंहला काही नाही. लहानपणी त्याला पाढे मी शिकवले, ते त्याच्याकडे आहेत.

८. मागच्या भिंतीचं सागवानी दार, बिजागऱ्या आणि कडीसह, यल्लव्वाला. हे मरणोत्तर नाही, आजच. चौकट मोकळी राहील. जे नाही ते कोणाला लावता येणार नाही.

९. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळत नाही तोच साक्षीदार म्हणून चांगला, असं वकिलांनी सांगितलं. म्हणून उदयसिंहला बोलावलं. त्याने सगळं वाचलं. म्हणाला, "आत्ती, सही करतो. पन मला ह्ये पटल्यालं न्हाय, असं लिवा." त्याच्या म्हणण्यावरून लिहिते की, त्याला हे पटलेलं नाही.

कृष्णात सुतार दार उतरवायला आलेला आहे. दार जुनं आणि जड आहे, एकट्याला उचलत नाही. दुसरी बाजू धरायला उदयसिंह परड्यात गेला आहे. ते दोघे वस्तीतून परत आले की सह्या करू.

ठिकाण: तांबट माळ, कोल्हापूर
दिनांक: १२ जून २०२५

लिहून ठेवणार
(सही) संयोगिता केरबा इंगवले

साक्षीदार
१. (सही) डॉ. अतुल अण्णासो चौगुले
२. (सही) उदयसिंह बाळासो इंगवले — पटलेलं नाही. दार पोहोचवलं.