ताव मावशीची दोन नावं

बुआलाताईस, दोन्ही हात जोडून –

तुझं आपलं तेच, की नाव बदल म्हणजे नोकरीत पाय टिकेल. भिक्खूंनी काढून दिलेलं नाव मी वर्षभर खिशात घेऊन फिरतोय (पँट दोनदा धुतली गेली, तेही खरं). पण आता तो विषय नको. गुडघा कसा आहे? म्हैस व्याली का? मी इथे हातयाई शहरात ठणठणीत.

इस्पितळात मी रक्ताच्या पिशव्या पोचवतो, हे तुला ठाऊकच. मंगळवारी नन्नापत नावाच्या बाईंसाठी दोन पिशव्या अर्ध्या तासात जुळल्या. वॉर्डात नेल्या, तर खाटेवर आमच्या फाटकापाशी भाजकी केळी विकणारी ताव मावशी (ताव म्हणजे कासव, तिला सगळे तेवढंच म्हणतात). गेल्या साली हिला चालणारं रक्त शोधायला तीन दिवस लागले होते, बर्फाचा डबा स्टेशनवरून मीच उचलून आणला होता. म्हटलं, "मावशी, तुझं रक्त इतकं सोपं कधी झालं?"

"नाव बदललं ना रे. ज्योतिषी म्हणाला, जुन्या दुखण्यांना आता पत्ता सापडायचा नाही."

दुखण्यांचं राहू दे, आमच्या फायलींच्या कपाटालाच तिचा पत्ता सापडला नव्हता. ओळखपत्र घरी राहिलेलं, लेकीने नवं नाव सांगितलं आणि कोरी फाईल उघडली गेली. मी पिशव्या उचलून पळालो, मागून नर्सच्या शिव्या. रक्तपेढीच्या ओराथाईबाई कडाडल्या, "बाजारातली भाजी आहे का परत आणायला?" मग मी सांगितलेल्या मावशीच्या जुन्या नावाची, सम्रुआयची, फाईल त्यांनी काढली आणि खुर्चीत बसल्याच.

त्या म्हणाल्या, एकदा परकं रक्त घेतलं की कुणाच्या अंगात त्यातल्या एखाद्या खुणेवर डूख धरणारी प्रतिद्रव्यं तयार होतात. वर्षभरात ती इतकी विरळ होतात की तपासणीत दिसत नाहीत. पण तीच खूण पुन्हा आत आली की उठतात आणि नवं रक्त फोडून टाकतात. मावशी त्या दोन पिशव्यांनी गेली असती. योग्य रक्त दुसऱ्या दिवशी बँकॉकहून विमानाने आलं. आता ती उठून बसते आणि इस्पितळाच्या भाताला नावं ठेवते.

तेव्हा सांग, नाव बदलून कुणाचं भलं झालं?

तुझा धाकटा,
खाम

ता.क. ओराथाईबाई मला रक्तपेढीत कायमचं घ्या म्हणून शब्द टाकणार आहेत. अर्ज सोमवारी द्यायचा. उगाच धोका कशाला, भिक्खूंना विचारून ते नाव पुन्हा लिहून पाठव, कागदावरचं धुण्यात गेलं. रक्तपेढीच्या वहीत माझ्या रक्तगटासमोर मी आधीच लिहून ठेवलंय: खाम, लवकरच दुसरा कोणी.

आणखी एक. विहाराच्या दानपेटीत तीनशे टाक, बाकी गुडघ्याच्या तेलाला. पाठवतोय बाराशे बाट.