टेबलाखालचा डबा

अमरावती,
२३ सप्टेंबर २०११

उज्माताई,

सलाम. अम्मीचे गुडघे आता कसे आहेत? बाळापुरात पाऊस उघडला का? आमची आई रोज विचारते, उज्मा माहेरी इतके दिवस काहून राहिली. मी म्हणतो, राहू दे, आराम होईल तिला. तू फोन उचलून नाही राहिलीस, म्हणून कागद घेतला.

हेल्पलाइनवर कपाशीच्या लाल्या रोगाचे फोन वाढलेत. तुझ्या खुर्चीवर नवी मुलगी बसते. शेतकऱ्याचं पुरतं ऐकायच्या आधी औषधाचं नाव सांगून मोकळी होते. स्वभावाने चांगली आहे.

मुद्द्यावर येतो. फोन मधेच तुटत होते, इंटरनेटची लाइन कोण खातं ते शोधायला साहेबांनी मला लावलं होतं. कुठल्या कॉम्प्युटरवरून किती गेलं-आलं याची खबर राउटरने सारखी माझ्या मशीनला द्यावी, असं मी करून ठेवलं. कोण काय पाहतं ते त्यात कळत नाही, फक्त नंबर आणि किती ते कळतं. मीटिंगमध्ये पडद्यावर एकच नंबर डोंगराएवढा निघाला, तुझा. साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, शेतकऱ्यांचे फोन तोडून सिनेमे उतरवता का? त्याच संध्याकाळी तुला काढलं.

ताई, तो नंबर तुझ्या एकटीचा नव्हता. मागच्या दिवाळीत नवी टेबलं आली, वायर पुरेना, तेव्हा मीच तुझ्या टेबलाखाली छोटा डबा बसवून बाकीच्यांना तिथून जोडलं. "लाव बाप्पा, माह्या पायाले काई टोचत नाई," म्हणालीस. त्या डब्यातून जाणारे सगळे राउटरला एकाच नंबराने दिसतात. माझा धंदाच हा, आणि अहवाल करताना मी ते साफ विसरलो. अक्कल गहाण टाकली होती.

इथपर्यंत लिहिलं आणि उठून चहा करून आलो. पत्र इथंच संपवावं असं फार वाटलं. चूक काय, कोणाच्याही हातून होते.

पण मी विसरलो होतो ते मीटिंगपर्यंतच. पडद्यावरचा डोंगर नेमका दुपारी, जोहरच्या वेळेला उभा होता. तेव्हा तू टेबलावर नसतेस, राउटर ठेवलाय त्या स्टोअररूममध्ये नमाज पढतेस. मी तिथं काम करत असलो की तू दारात खाकरायचीस आणि मी लॅपटॉप उचलून बाहेर यायचो. हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे? साहेब तुझ्यावर तोंड टाकत होते तेव्हाच मला डबा आठवला. पण माझं पुढच्या वर्षाचं कंत्राटी काम त्याच दिवशी पक्कं व्हायचं होतं. "आमचा केदार आहे, त्याले द्या," असं सांगून तूच मला तिथं आणलं होतंस.

आज सकाळी नांदगाव खंडेश्वरच्या नत्थुजींचा फोन आला. "त्या मॅडम कुठी गेल्या? मले त्याईच्याशीच बोलाचं हाये." नव्या मुलीने सांगितलं, नोकरी सोडली. मी बाजूलाच उभा होतो. सोडली म्हणे. मला उभ्या जागी लाज वाटली.

तसाच साहेबांकडे गेलो. डबा सांगितला, आणि मला तेव्हाच कळलं होतं हेही सांगितलं. ते म्हणाले, "मंग तवाच काहून नाई बोलले?" माझं काम गेलं. ते सोमवारी तुला फोन करतील. त्यांचा फोन उचल. परत यायचं की नाही ते तू ठरव, पण आधी सगळ्यांसमोर त्यांना माफी मागायला लाव. मीही येईन, तू हाकललंस तरी.

त्या मीटिंगपासून झोपलो की एकच ऐकू येतं. तू साहेबांकडे नाही, माझ्याकडे वळून म्हणालीस, "केदार, तू सांग ना याईले." मी खाली पाहून वायर गुंडाळत राहिलो.

तू विचारलंस तेव्हा न बोललेला,
केदार